सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी चढाचा सराव कसा करावा?

आपण पुण्यात सपाट रस्त्यावर २१ किलोमीटर नियमित धावता, दोन महिन्यांनी साताऱ्याला प्रथमच धावणार आहात आणि यवतेश्वरच्या घाटाची आपल्याला धास्ती वाटते, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते, चढापेक्षा उताराची काळजी अधिक करावी.

चढाचे गणित तसे सोपे आहे. घड्याळातील वेग न पाहता श्वासाकडे लक्ष ठेवावे, पावले आखूड टाकावीत आणि एक वाक्य सलग बोलता येईनासे झाले की थोडे चालावे. त्यात कमीपणा काहीच नाही. कासच्या दिशेने जाऊन त्याच रस्त्याने परतायचे असल्यामुळे उत्तरार्धात बहुतेक उतारच असतो, आणि खरी परीक्षा तिथे होते. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरावा लागतो, त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दम अजिबात लागलेला नसतानाही शेवटच्या टप्प्यात पाय लटपटू लागतात ते यामुळेच. मात्र उताराचा थोडासा सराव झाला, तरी पुढील काही आठवडे हेच स्नायू बरेच कणखर राहतात.

म्हणून आठवड्यातून एकदा बोपदेव घाट किंवा सिंहगडाचा गाडीरस्ता गाठावा आणि वर पोहोचल्यावर गाडीने न परतता धावतच खाली यावे (आपल्याकडे बरेच जण नेमके उलटे करतात). पहिल्या खेपेला दोनच किलोमीटर, तेही सौम्य उतारावर, पुरेत. पुढे अंतर हळूहळू वाढवावे. मागे रेलून टाचेने ब्रेक मारू नये. धड किंचित पुढे ठेवून पाऊल शरीराच्या खालीच पडेल अशी जलद, छोटी पावले टाकावीत. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतील. ते दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते. गुडघ्याच्या सांध्यात टोचल्यासारखे दुखत असेल, तर मात्र थांबावे.

स्पर्धा पावसाळ्यात असते, तेव्हा तळ झिजलेले बूट नेऊ नयेत. नखे दोन-तीन दिवस आधी कापावीत आणि घोट्याजवळची नाडी घट्ट बांधावी, नाहीतर उतारावर पाय पुढे सरकून अंगठ्याचे नख काळेनिळे होते. उताराचा शेवटचा मोठा सराव स्पर्धेच्या दोन आठवडे आधी आटोपावा.