सून खोटे केस का लावते?

न्यू जर्सीत मराठी कुटुंबांबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना एक प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. विचारणाऱ्या बहुतेक आया असतात. मुलाने कृष्णवर्णीय अमेरिकन मुलीशी लग्न ठरवलेलं असतं किंवा केलेलं असतं. रंगावरून घरात जे काही व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मग एक दिवस आवाज खाली आणून त्या विचारतात, “ती केस खोटे लावते हो. तिला स्वतःच्या केसांची लाज वाटते का?”

या प्रश्नात थोडा संशय असतो, पण काळजीही खरी असते, म्हणून मी तो कधी उडवून लावत नाही. एका कुटुंबाची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत, आणि अनेक भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात आलं आहे.

काकू वाईच्या, साठी ओलांडलेल्या, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या. नरक चतुर्दशीला पहाटे उठून त्यांनी पाट मांडला, उटणं कालवलं, मुलाला तेल लावलं. मग सुनेच्या टाळूवर तेल घालणार तोच तिने झटकन मान मागे घेतली. “नो, आई, प्लीज.” काकू त्या दिवशी धड जेवल्या नाहीत. मुलगा दोन्ही बाजूंनी बोलणी खात होता, त्यानेच मला फोन केला.

पहिल्या भेटीत काकूंनी मनात साठलेलं सगळं बाहेर काढलं. व्हिडिओ कॉलवर जिचे केस खांद्यापर्यंत होते, तिचे विमानतळावर कमरेपर्यंत कसे? रात्री डोक्याला रेशमी फडकं बांधून का झोपते? एका बैठकीचे शेकडो डॉलर कशाला मोजते? आणि मुळात ते केस असतात तरी कुणाचे?

मी विचारलं, “काकू, हे सगळं बाजूला ठेवलं, तर तुम्हाला भीती कशाची वाटते?”

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, “उद्या नातवंडं होतील. त्यांचे केस हिच्यासारखेच होणार ना? जिला स्वतःचंच रूप आवडत नाही, ती त्यांना काय शिकवेल?”

हा खरा प्रश्न होता आणि तो मोलाचा होता. पहिल्याच भेटीत तो बाहेर आला, याचं मला समाधान वाटलं. तेलाच्या वाटीवरून सुरू झालेलं भांडण नातवंडांच्या काळजीपर्यंत पोहोचलं की पुढचं काम सोपं होतं.

सुनेला मी एकटीला बोलावलं. ती आली तीच तयारीने. “तुम्हीही तेच विचारणार ना, मी माझ्या केसांचा तिरस्कार करते का?”

“नाही. त्या पहाटे नेमकं काय झालं, ते सांगा.”

तिने आधी साधं कारण सांगितलं. दिवाळीसाठी म्हणूनच दोन दिवसांपूर्वी तिने नवा वीव्ह, म्हणजे बाहेरून जोडलेले केस, बसवून घेतला होता, त्यात कित्येक तास गेले होते, आणि वरून भरपूर तेल ओतलं असतं तर सगळं चिकट होऊन बसलं असतं. पण बोलता बोलता ती थांबली. “मान मी त्यासाठी मागे नाही घेतली. न विचारता एक हात माझ्या डोक्याकडे आला, म्हणून घेतली. शाळेत, लिफ्टमध्ये, ऑफिसात लोक आधी हात लावतात आणि मग विचारतात, लावू का? आता माझ्या आधी माझी मान हलते.”

मराठी घरात डोक्यावर आलेला हात मायेचाच असतो, असं आपण धरून चालतो. तिच्या आयुष्यात तसाच हात कुतूहलाचा होता, आणि त्या कुतूहलात ती माणूस कमी, वस्तू जास्त होती. हे कळलं तेव्हा त्या पहाटेचा अर्थ माझ्यासाठी पूर्ण बदलला.

मग तिने जे सांगितलं, ते प्रत्येक काळजीवाहू सासूने ऐकावं असं मला वाटतं. वीव्ह म्हणजे नुसता टोप नव्हे. आधी स्वतःच्या केसांच्या बारीक वेण्या टाळूला चिकटून ओळीने घालतात आणि त्या वेण्यांवर केसांच्या पट्ट्या वाकड्या सुईने शिवतात. हे सहा ते आठ आठवडे टिकतं. घट्ट कुरळा केस दिसतो राकट, असतो नाजूक. टाळूचं तेल वळणावळणांतून टोकापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तो कोरडा पडतो आणि रोजच्या विंचरण्याने तुटतो. वेण्यांमध्ये तो झाकलेला असला की त्याला विसावा मिळतो. रात्रीचं रेशमी फडकंसुद्धा केस उशीवर घासून तुटू नयेत म्हणूनच असतं.

तिची आजी गॅसवर लोखंडी कंगवा तापवून ईस्टरच्या आदल्या रात्री नातीचे केस सरळ करायची, कानाला चटका हमखास बसायचा. मग रसायन आलं, रिलॅक्सर. टाळू भाजली तरी बसून राहायचं, कारण शाळेचा फोटो असायचा. 2022 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी केस सरळ करणाऱ्या रसायनांचा वारंवार वापर आणि गर्भाशयाचा कर्करोग यांत संबंध आढळल्याचं प्रसिद्ध केलं. त्यानंतर हिने रिलॅक्सर कायमचा सोडला. रसायनाचे जुने केस कापून नवे वाढेपर्यंतच्या अवघड काळात तिला वीव्हनेच सावरलं.

एवढी कारणं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “आणि मला आवडतं. कधी लांब, कधी आखूड, कधी तांबूस. हे कारण मात्र कुणालाच पुरत नाही.”

आपल्याकडे अंबाड्यात गंगावन खोवलेल्या नवरीला कुणी विचारत नाही, तुझ्या मनात काही न्यून आहे का गं म्हणून. तिथे हौस पुरेशी असते. इथे मात्र त्या मुलीने हौसेचीही कैफियत द्यायची!

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही मानसोपचाराची पद्धत मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या लेखनातून परिचित आहे. तिचा गाभा मी असा समजते: एखादी गोष्ट मला हवीशी वाटणं निरोगी असतं, ती असलीच पाहिजे या हट्टाने माणूस आजारी पडतो. म्हणून वीव्ह लावणारी मुलगी समोर आली की ती का लावते, हा माझा पहिला प्रश्न नसतो. मी विचारते, त्याच्याशिवाय तुम्ही कुठे कुठे जाऊ शकता?

तिने पटापट उत्तरं दिली. जिमला जाते, आईकडे जाते, चर्चला जाते, नवऱ्यासमोर असते.

“नोकरीच्या मुलाखतीला?”

“नाही.” आणि लगेच, “पण तो माझ्या मनाचा खेळ नाही.”

बरोबर होतं तिचं. काही हट्ट माणसाच्या मनात नसतात, ते दाराशी उभे असतात. अमेरिकेतल्या, तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या लुइझियानात 1786 मध्ये स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने स्वतंत्र कृष्णवर्णीय बायकांना केस फडक्याखाली झाकायला भाग पाडणारा हुकूम काढला होता, कारण त्यांच्या केशरचना फारच डोळ्यांत भरत होत्या. आणि हे फार जुनं झालं असंही नाही. इथेच न्यू जर्सीत डिसेंबर 2018 मध्ये शाळेच्या कुस्ती सामन्यात एका कृष्णवर्णीय मुलाला, केस कापा नाहीतर सामना सोडा, असं सांगितलं गेलं आणि भर मैदानात त्याच्या जटा कापल्या. त्यानंतर वर्षभराने राज्यात केसांवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा झाला. कॅलिफोर्नियाने तो पहिल्यांदा केला, तोही 2019 मध्ये. कायदा करावा लागतो, यातच मुलाखतीला जाताना ती वीव्ह का लावते याचं उत्तर आलं. अशा बाईला ‘तुझे विचार बदल’ असं सांगणं हा अन्याय आहे, आणि एलिसच्या वाटेने चालणाऱ्या प्रत्येकाने हे भान ठेवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मग मी विचारलं, “आणि आईंसमोर?”

इथे ती पहिल्यांदा अडखळली. दोन वर्षांत काकूंनी तिला एकदाही वीव्हशिवाय पाहिलं नव्हतं. “त्यांना वाटेल, ही खरी, आणि लांब केसांची ती खोटी होती. मी दोन्ही आहे.”

पुढच्या भेटीत दोघींना समोरासमोर बसवलं, मुलगा मध्ये दुभाषा. लिफ्टमधल्या हातांबद्दल सुनेने सांगितलं तेव्हा काकू मुलाकडे न बघता तिच्याकडेच बघत होत्या. इंग्रजी बेताचं, तरी त्यांना कळत होतं. मग त्या अचानक त्यांच्या वडिलांच्या आत्याबद्दल बोलू लागल्या. बालविधवा, लाल आलवणातली. न्हावी यायचा आणि डोकं करून जायचा. “लहानपणी मी दाराआडून बघायचे. तिला कुणी कधी विचारलं नाही, मॅडम. बाईच्या डोक्यावर काय असावं, हे ठरवणारे सगळे दुसरेच.”

मी सुनेला एवढंच सांगितलं की 1890 च्या सुमारास कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनीच असं केशवपन करायला नकार दिला होता. ती म्हणाली, “म्हणजे तुमच्याकडेही आहे हे.” त्यानंतर मी काही बोलले नाही. समुपदेशकाने गप्प बसण्याचे क्षण ओळखायचे असतात आणि मला तो ओळखता आला.

काकूंनीच कोंडी फोडली. “मग तेल कधी लावलेलं चालेल तुला?”

सून हसली. तीन आठवड्यांनी वीव्ह उतरणार होता आणि पुढचा बसवण्याआधी आठवडाभर केस मोकळे राहणार होते. तिच्या आजीकडेही आजीच्या गुडघ्यांत बसून टाळूला तेल चोळून घ्यायची पद्धत होती.

महिन्याभराने काकूंचा फोन आला. “अहो, काय दाट केस आहेत पोरीचे! तेल नुसतं पीत होते. आणि गुंता कसा सोडवायचा ते तिने मला शिकवलं, ओल्या केसांत, टोकापासून वर. वरून विंचरलं की तुटतात.” नातवंडांचा विषय त्यांनी काढला नाही, पण गुंता सोडवायला शिकून घेतलं होतं.

‘कुणाचे केस’ या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं. जगभरच्या वीव्हमधले पुष्कळ केस भारतातून येतात. तिरुमलाला भक्तांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, आणि गावोगाव केसांवर भांडी किंवा फुगे देणारे जो गुंतवळ गोळा करतात, तोही या व्यापारात जातो. काकूंच्या धाकट्या बहिणीने नवसाचे केस तिरुपतीलाच दिले होते. ‘कुणाचे तरी उतरलेले’ ही किळस त्यानंतर त्यांच्या तोंडून आली नाही.

ज्या घरांत हीच काळजी आहे, त्यांना चार गोष्टी सांगते. लाज वाटते का, हे तिला विचारू नका. त्या प्रश्नाला कुठलंही उत्तर दिलं तरी ती आरोपीच ठरते. किंमत विचारू नका. रचना बदलली की ‘छान दिसतेस’ म्हणा, ‘खरे आहेत का’ म्हणू नका. ती नवऱ्यासमोर, एकटी असताना, आजारपणातही वीव्ह उतरवू शकत नसेल, त्याच्या विचारानेच घाबरी होत असेल, तर तो बोलण्याचा विषय आहे, पण तो तिने आणि समुपदेशकाने बोलायचा, सासूने नव्हे.

शरीराची एक गोष्ट मात्र नवऱ्याने जरूर बघावी. वीव्ह बसवल्यावर डोकं ठणकत असेल, कपाळाच्या रेषेवर पुळ्या येत असतील किंवा कानशिलांवरचे केस विरळ होत असतील, तर वेण्या फार आवळल्या गेल्या आहेत. सतत ओढ बसली तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. आठ आठवडे होण्याची वाट न बघता तो काढून टाकायचा आणि कुरळ्या केसांची माहिती असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं.

आणि लग्न ठरलं असेल, तर हळदीला डोक्यावर तेल घालायचं आहे, हे तिला महिनाभर आधी सांगा. केशरचनाकाराची वेळ बरीच आधी घ्यावी लागते. तेल आधी आणि वीव्ह नंतर, असा क्रम ठरवला की मुंडावळ्यांना कुठे आधार द्यायचा, हेही ती तेव्हाच सांगून ठेवू शकते.