व्हेरिकोज व्हेन्सवर, म्हणजे पायांतल्या फुगलेल्या शिरांवर, ग्लूचा उपचार केला तर तो किती वर्षं टिकतो?

बहुतेकांच्या बाबतीत ग्लूने (शिरेत सोडून ती चिकटवणाऱ्या वैद्यकीय गोंदाने) बंद केलेली शीर पाच वर्षांनंतरही बंदच राहते. अमेरिकेतल्या ‘व्हीक्लोज’ चाचणीत 222 रुग्णांमध्ये ग्लू आणि रेडिओफ्रिक्वेन्सी (उष्णतेने शीर बंद करण्याचा उपचार) यांची तुलना झाली; पाच वर्षांनी शीर पुन्हा न उघडण्याचं प्रमाण ग्लूमध्ये सुमारे 91 टक्के, रेडिओफ्रिक्वेन्सीत 85 टक्के निघालं. मात्र पाचव्या वर्षी तपासणीला निम्म्याहून कमी रुग्ण आले होते, त्यामुळे या फरकावर फार भिस्त ठेवू नका. दोन्ही उपचार टिकाऊ आहेत, एवढं नक्की. ग्लू मात्र बराच काळ शरीरात राहतो. काहींना सुरुवातीच्या दिवसांत शिरेच्या रेषेवर लाली आणि खाज येते, ती बहुधा औषधाने ओसरते. कृत्रिम नखं किंवा पापण्यांच्या ग्लूची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच, न विसरता सांगा.