‘सॉफ्टवुड लंबर’ म्हणजे मऊ लाकूड नव्हे

कॅनडा आणि स्वीडन यांच्याकडून जपानला होणाऱ्या ‘सॉफ्टवुड लंबर’च्या निर्यातीची तुलना करणारा लेख मराठीत आणताना या शब्दजोडीसाठी ‘मऊ लाकूड’ चालेल का, असे एका अनुवादकाने विचारले आहे. माझ्या मते चालणार नाही.

इंग्रजीतील हे नाव आज लाकूड दाबून पाहून ठरत नाही. ते झाडाच्या जातकुळीवरून ठरते. स्प्रूस, पाइन, फर, हेमलॉक अशा सुईसारख्या पानांच्या वृक्षांचे लाकूड ते सॉफ्टवुड, आणि पसरट पानांच्या वृक्षांचे ते हार्डवुड. या न्यायाने चांगला टणक असलेला यू वृक्ष ‘सॉफ्ट’ ठरतो आणि खेळण्यांतली विमाने ज्याची करतात तो पिसासारखा हलका बाल्सा ‘हार्ड’. आपल्याकडची सावरच पाहा: आगकाड्यांसाठी वापरले जाणारे तिचे लाकूड नखाने ओरखडा उठावा इतके मऊ, तरी ती हार्डवुडच! ‘मृदुकाष्ठ’ असा संस्कृत पेहराव चढवूनही हा घोटाळा मिटत नाही.

खुद्द या व्यापारातील मंडळी काय म्हणतात, हे पाहणे उद्बोधक आहे. जपानी भाषेत ‘शिन्योजू’ हा शब्द सुई, पान आणि झाड या तीन चिन्हांनी लिहितात, म्हणजे तो अक्षरशः ‘सूचिपर्णी वृक्ष’ झाला. स्वीडिश नावातील ‘बार’चा अर्थही सुईसारखे पानच, तर कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील फ्रेंच भाषक त्याच लाकडाला राळेवरून ओळखतात. या भाषांत मऊपणाचा आग्रह एकट्या इंग्रजीचा आहे, तो आपण का उसना घ्यावा? ‘सूचिपर्णी’ हा शब्द आपल्याकडे भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांपासून रुळलेला आहे.

‘लंबर’साठी ‘इमारती लाकूड’ सुचते खरे; पण त्यातून लाकडाचा उपयोग कळतो, रूप नव्हे. लंबर म्हणजे ओंडक्याला करवत लागल्यानंतरचा माल, आणि ओंडक्यांची निर्यात वेगळी मोजली जात असल्याने हा भेद सोडता येत नाही. म्हणून घडीव, कोरीव या चालीवर ‘कापीव’ घ्यावे आणि ‘सूचिपर्णी कापीव लाकूड’ असे लिहावे.

दोन्ही देशांच्या मालाला सरसकट ‘फळ्या’ म्हणणेही टाळावे. जपानने 1974 मध्ये सर्वसाधारण परवानगी दिलेल्या ‘टू-बाय-फोर’ पद्धतीच्या घरांत कॅनडाचे लाकूड भिंतीच्या सांगाड्यात उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या रूपाने बसते, तर स्वीडनच्या मालातील बऱ्याचशा पातळ फळ्या तेथे एकमेकींना चिकटवून खांब-तुळयांच्या घरांसाठी जोडखांब केले जातात.

मापाच्या बाबतीत मात्र विशेष सावध राहावे लागते. उत्तर अमेरिकेतील बोर्डफूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड लाकूड, आणि असे हजार बोर्डफूट म्हणजे हिशेबाने सुमारे 2.36 घनमीटर. परंतु दोन बाय चार इंच म्हणवणारी पट्टी रंधून-वाळून प्रत्यक्षात 38 बाय 89 मिलिमीटरच भरते. त्यामुळे कॅनडाचा आकडा बोर्डफुटांत असेल आणि तो सरळ घनमीटरांत फिरवला, तर अशा पट्ट्यांचे घनफळ कागदावर जवळपास दीडपट दिसते आणि प्रत्यक्ष मापाने घनमीटरांत मोजलेल्या स्वीडनच्या मालावर अन्याय होतो. येथील ‘नॉमिनल’, म्हणजे केवळ म्हणण्यापुरत्या, मापाला ‘नाममात्र’ म्हणू नये, कारण मराठी वाचक त्याचा अर्थ ‘अगदी थोडे’ असा घेईल; ‘नावाचे माप’ आणि ‘प्रत्यक्ष माप’ अशी जोडी पुरेशी आहे.