पाचशेची यादी फेकून दे

बाळा,

तुझा मेसेज वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. अमेरिकन मॅनेजर 'लेट्स टेबल धिस' म्हणाला आणि तू रात्रभर जागून तोच विषय मांडायला तयार केलास. त्याला तो बाजूला ठेवायचा होता! ब्रिटिश माणूस हेच म्हणाला असता तर तुझं जागरण सत्कारणी लागलं असतं; तिथे टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी बैठकीत भांडत बसले, दोघांना हवं होतं एकच. चर्चिलने लिहून ठेवलंय ते. तेव्हा लाजू नकोस.

पण उपाय म्हणून पाचशे वाक्प्रचारांची पीडीएफ उतरवून घेतलीस, याचा मात्र राग आला. यादीत अर्थ असतो, प्रसंग नसतो. कोण, कोणाला, कशावरून म्हणालं ते लिही. 'तोंडाला पानं पुसणं' तुला काय कोणी यादीतून शिकवलं?

'नॉक्ड फॉर सिक्स' घे. आपण क्रिकेटवेडे, आपल्याला वाटतं बाजी मारली. इंग्लंडमध्ये असं म्हणणारा फलंदाज नसतो, गोलंदाज असतो: एखाद्या बातमीने पार हादरलेला. अमेरिकेत क्रिकेटच्या जागी बेसबॉल, आणि बॉलपार्क म्हणजे त्याचं मैदान. तिथे 'बॉलपार्क फिगर' मागितली की ढोबळ आकडा सांगून मोकळं व्हायचं, दशांशात शिरायचं नाही.

व्याकरणाची आणखी वेगळी गंमत. 'स्पिल द बीन्स'चं कर्मणी करून 'द बीन्स वेअर स्पिल्ड' म्हटलंस तरी गुपित फुटतं. 'किक द बकेट'चं कर्मणी केलंस तर माणूस मरत नाही, नुसती बादली लाथाडली जाते. कुठली यादी सांगते हे? अख्खं वाक्य लिही, प्रसंग लिही. किती वेळा सांगू?

आणि वापरायची घाई नको. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' शाळेत आपल्या माथी मारलं. त्यांच्या रोजच्या बोलण्यात ते आता क्वचितच येतं. कळलं नाही तर तिथल्या तिथे विचार, साध्या इंग्रजीत.

माझं इंग्रजी सपक आहे, असं ऑफिसात म्हणायचे. म्हणोत. परदेशी ग्राहकांना आयुष्यभर पत्रं लिहिली, 'याचा अर्थ काय' म्हणून एकही परत आलं नाही. त्यांच्या गप्पांत रंग भरता आला नाही ही रुखरुख आहे, नाही कशाला म्हणू? पण ऐकताना मी फसलो नाही, ते असे प्रसंग लिहून ठेवलेल्या माझ्या वह्यांमुळे.

शनिवारी ये, दाखवतो. माझं अक्षर तुला लागणार नाही, मलाच वाचून दाखवावं लागेल.

काका