‘रिस्क’ला धोका म्हणावे की जोखीम?

नागपूरच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. विभागाच्या भित्तिपत्रकासाठी तिने अलीकडच्या तीन शोधनिबंधांचे मराठी सारांश केले. पहिला गुंतवणूकदारांच्या वर्तनाविषयी, दुसरा हृदयविकाराविषयी आणि तिसरा डाळींमधील विषारी घटकांविषयी होता. तिन्हींत मूळ शब्द ‘रिस्क’ होता आणि तिन्ही ठिकाणी तिने ‘धोका’ लिहिले. तपासणाऱ्या प्राध्यापकांनी पहिल्या सारांशातला ‘धोका’ खोडून तेथे ‘जोखीम’ केले आणि उरलेले दोन तसेच राहू दिले. एकाच शब्दाला विषय बदलला म्हणून दोन प्रतिशब्द का घ्यावेत, आणि आरोग्याच्या लेखात ‘जोखीम’ लिहिणे चूक आहे का, असे तिने विचारले आहे.

प्राध्यापकांची दुरुस्ती योग्य आहे, परंतु अर्थशास्त्राला जोखीम आणि वैद्यकाला धोका अशी वाटणी त्यातून कोणी काढू नये. हे दोन शब्द अर्थानेच निराळे आहेत आणि तो निराळेपणा तिन्ही विषयांत सारखाच लागू पडतो. धोका एखाद्या वस्तूत, जागी किंवा प्रसंगी असतो; जोखीम मात्र कोणाच्या तरी अंगावर असते आणि तिचे माप काढता येते. क्रियापदे पाहिली तरी हे दिसते. धोका असतो, संभवतो, टळतो. जोखीम आपण घेतो, उचलतो, दुसऱ्यावर टाकतो, वाटून घेतो. ‘धोका पत्करला’ असेही आपण म्हणतो हे खरे, पण ‘धोका वाटून घेतला’ हे कानाला खटकते.

जोखीम हा शब्द मराठीत आधी पेढीवर आणि प्रवासात वावरला. शोधनिबंधांत तो पुष्कळ नंतर आला. माझी आत्या इतवारीतल्या सराफाकडून निघाली, की रिक्षात बसताना हलक्या आवाजात म्हणायची, “सरळ घरी चला, जवळ जोखीम आहे.” तिची जोखीम म्हणजे कमरेला खोचलेल्या कापडी पिशवीतली पाटल्यांची जोडी. मौल्यवान वस्तू, आणि ती सांभाळण्याची जबाबदारी, हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात एकत्र नांदत होते. आजही ‘जोखमीचे काम’ म्हटले की भीतीपेक्षा जबाबदारीच आधी ध्यानात येते. जुन्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. जहाजावर माल चढवणारा व्यापारी ती लिहून देऊन पैसे उचलत असे आणि माल सुखरूप पोहोचला तरच ती वटत असे. माल वाटेत बुडाला, तर हुंडी घेणाऱ्याचे पैसेही त्याबरोबर बुडत. कर्ज आणि विमा अशा रीतीने एकाच कागदावर आले होते, आणि जोखीम कोणाची, हे त्या कागदावरूनच ठरत होते.

व्युत्पत्तिकार या शब्दाचे मूळ संस्कृत ‘योगक्षेम’ या शब्दात पाहतात. नसलेले मिळवणे म्हणजे योग आणि मिळालेले राखणे म्हणजे क्षेम. गीतेच्या नवव्या अध्यायातील ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे शब्द भारतीय आयुर्विमा महामंडळाने बोधवाक्य म्हणून घेतले आहेत. लोकांची जोखीम उचलणे हाच जिचा व्यवसाय, त्या संस्थेच्या बोधवाक्यात जोखमीचा पूर्वज येऊन बसावा, याची मला मोठी गंमत वाटते. ‘जोखणे’ म्हणजे तोलणे; त्याच्याशी या शब्दाचे नाते मात्र केवळ ध्वनिसाम्यावरून जुळवू नये, अर्थ कितीही सोयीचा वाटला तरी.

आता तिन्ही सारांशांकडे वळू. अर्थशास्त्रात मोजता येणे ही जोखमीची ओळखच मानली गेली आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जिची शक्यता आकड्यांत मांडता येते ती जोखीम आणि जिची मांडता येत नाही ती अनिश्चितता, असा भेद केला. पुढे १९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी गुंतवणुकीचा परतावा सरासरीपासून किती वर-खाली हलतो, त्यावरून जोखीम मोजली. या मापात अपेक्षेपेक्षा कमी मिळणे जसे धरले जाते, तसेच अपेक्षेपेक्षा जास्त मिळणेही धरले जाते. जास्त पैसे मिळण्याला मराठीत धोका कोणी म्हणणार नाही. म्हणून येथे ‘जोखीम’ हाच शब्द हवा. म्युच्युअल फंडांच्या मराठी जाहिरातींतही ‘बाजारातील जोखमीच्या अधीन’ हेच शब्द रुळले आहेत.

नागपूरकरांसाठी त्याला आणखी एक कारण आहे. हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक, आणि हे शहर मध्य प्रांताची राजधानी असल्यापासून दोन्ही भाषांत राहत आले आहे. ‘त्यानं मले धोका देल्ला’ हे वाक्य येथे ऐकणाऱ्याला संकटाची आठवण होत नाही, विश्वासघाताची होते. पुण्याच्या वाचकाने ‘गुंतवणूकदारांना धोका’ हे शब्द वाचले, तर पैसे बुडण्याची शक्यता एवढेच तो समजेल. नागपूरच्या गोकुळपेठेतला वाचक मात्र कोणती कंपनी पळाली ते आधी विचारील. अशा वेळी शब्दकोशात शब्द बरोबर असून चालत नाही, तो येथल्या वाचकापर्यंत कोणत्या अर्थाने पोहोचतो तेही पाहावे लागते.

खरा गोंधळ आहे तो तिसऱ्या सारांशात, कारण अन्नशास्त्राला दोन्ही शब्दांची गरज पडते. ‘कोडेक्स ॲलिमेंटेरियस’ या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ यांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्या आहेत. अन्नातला जो जैविक, रासायनिक किंवा भौतिक घटक आरोग्याला अपाय करू शकतो तो हॅझर्ड. तो अपाय घडण्याची शक्यता किती आणि घडल्यास त्याची तीव्रता किती, या दोहोंचा एकत्र विचार म्हणजे रिस्क. दोन्हींना ‘धोका’ म्हटले की शास्त्राने काळजीपूर्वक केलेला भेद मराठीत येता येताच पुसला जातो.

आपल्याकडच्या लाखोळी या कडधान्यावरून हे चांगले समजते. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत ओल असतानाच लाखोळी फेकतात आणि धान निघाल्यावर ती त्याच ओलीवर वाढते. पाणी थोडे, खर्च थोडा आणि पीक भरवशाचे. तिच्या दाण्यात ओडॅप नावाचा, मज्जासंस्थेवर परिणाम करणारा घटक असतो. दुसरे धान्य न मिळाल्याने महिनोन् महिने मुख्यतः लाखोळीवरच जगावे लागलेल्या माणसांना लॅथिरिझम हा विकार जडल्याचे आढळले आहे; त्यात पाय आखडतात आणि काठीशिवाय चालणे कठीण होते. त्यामुळे १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे संशोधकांनी ओडॅप कमी असलेली रतन, प्रतीक यांसारखी वाणे काढली, आणि २०१६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पातळीवर अशा वाणांच्या बाजूने मत आल्यावर ही चर्चा नव्याने सुरू झाली.

या विषयावर मराठीत लिहिताना ओडॅप हा धोका आहे असे म्हणावे, किंवा अधिक नेमकेपणाने ‘अपायकारक घटक’ म्हणावे. जोखीम ही खाणाऱ्याची असते आणि ती माणसागणिक बदलते. चार धान्यांबरोबर अधूनमधून लाखोळीचे वरण खाणाऱ्याची जोखीम वेगळी, आणि दुष्काळात तीन महिने तीच दोन वेळा खाणाऱ्या शेतमजुराची वेगळी. नवे वाण धोकाच मुळात कमी करते. मिश्र आहारात धोका दाण्यात तेवढाच राहतो, परंतु जोखीम उतरते. हे वाक्य दोन्ही ठिकाणी एकच शब्द वापरून लिहून पाहावे, म्हणजे दोन शब्दांची गरज का आहे ते कळेल.

असाच घोटाळा २०१५ मध्ये जगभर झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात टाकले. तंबाखूही त्याच गटात आहे, म्हणून दोन्हींची जोखीम सारखीच असा अर्थ अनेकांनी काढला. ते गट, एखाद्या पदार्थाने कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती भक्कम आहे एवढेच सांगतात, म्हणजे ते धोक्याचे गट आहेत. जोखमीचा आकडा वेगळा दिला होता: रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते.

या वाक्यातल्या ‘टक्क्यांनी’कडे लक्ष द्यावे, कारण आरोग्याच्या सारांशांत सर्वाधिक चुका तेथेच होतात. ‘कर्करोगाचा १८ टक्के धोका’ असे लिहिले की शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होणार, असा अर्थ निघतो. समजा, शंभरातल्या पाच जणांना हा आजार एरवीही होणार असेल, तर १८ टक्क्यांनी वाढ म्हणजे पाचाचे जवळपास सहा. ‘नी’ हा एवढासा प्रत्यय गाळल्याने सहाचे अठरा होतात.

हृदयविकाराच्या सारांशाबाबत मी थोडा सैल आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून चाललेल्या अभ्यासातून, १९६१ च्या एका निबंधाद्वारे, ‘रिस्क फॅक्टर’ ही कल्पना वैद्यकात पसरली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांना आपले डॉक्टर ‘धोक्याचे घटक’ म्हणतात आणि रुग्णाला ते नीट कळते. केवळ सावध करायचे असेल तेव्हा ‘हृदयविकाराचा धोका वाढतो’ हे सहज मराठी आहे, ते बदलण्याचा हट्ट नको. त्याच वाक्यात आकडा, तुलना किंवा वयोगट आला, की मात्र ‘जोखीम’ लिहावे.

तेव्हा पहिल्या सारांशातली दुरुस्ती कायम ठेवावी. दुसऱ्यात जेथे टक्केवारी आहे तेवढ्याच ठिकाणी ‘जोखीम’ करावे. तिसऱ्यातले ‘डाळीतील विषारी धोक्यामुळे होणारा धोका’ हे वाक्य ‘डाळीतील अपायकारक घटकामुळे खाणाऱ्याला असलेली जोखीम’ असे होईल. एके ठिकाणी ‘जोखिमीचे’ असे रूप आले आहे, ते ‘जोखमीचे’ हवे. बेरीज-बेरजेचा, लाकूड-लाकडाचा यांप्रमाणेच तीन अक्षरी शब्दातल्या मधल्या दीर्घ ई-ऊच्या जागी सामान्यरूपात अ येतो. ‘जमिनीचा’ हे रूप वेगळे दिसते, कारण त्या शब्दाचे पहिले अक्षर ऱ्हस्व आहे. ‘जोखीम’चे पहिले अक्षर दीर्घ असल्यामुळे तिला ती सवलत मिळत नाही.