हद्दवाढ की प्राधिकरण? प्लॉट घेण्याआधी पाण्याचं विचारा

ताई, सोलापूरजवळ हत्तूरच्या बाजूला प्लॉट बघताय आणि विचारताय, गाव महापालिकेत गेलेलं बरं की पुण्यासारखं प्राधिकरण झालेलं बरं. मी तीस वर्षं हद्दवाढ भागात काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

1992 ला हद्दवाढ झाली आणि शहर सुमारे 33 चौरस किलोमीटरवरून एकदम 178 वर गेलं. आमच्याकडे घरपट्टीचं बिल वेळेवर आलं. रस्ता, ड्रेनेज, नळ यायला कित्येक वर्षं गेली. पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल रुतायची. पोरं बूट हातात घेऊन मेन रोडपर्यंत चिखल तुडवायची आणि तिथं बाटलीतल्या पाण्यानं पाय धुऊन बूट चढवायची. ले-आउटच्या नकाशात आमच्या घरासमोर बाग होती. विकणाऱ्यानं तिथंही प्लॉट पाडून विकले. हद्द एका अधिसूचनेनं वाढते, पाइप टाकायला पैसा लागतो, आणि त्याची सोय आधी कुणीच केली नव्हती.

आता प्राधिकरणाचं. कोल्हापुरात 2017 मध्ये हद्दवाढीऐवजी 42 गावांसाठी प्राधिकरण नेमलं. अशा ठिकाणी आराखडा, बांधकाम परवानगी आणि विकास शुल्क प्राधिकरणाकडे जातं, पण ग्रामपंचायत राहतेच. म्हणजे परवानगी एकाची आणि नळ, कचरा दुसऱ्याच्या गळ्यात.

मला स्वतःला महानगर नियोजन समिती, म्हणजे शहर आणि आसपासच्या गावांचा एकत्र आराखडा करणारी समिती, जास्त पटते. 74 व्या घटनादुरुस्तीनुसार तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींच्या अध्यक्षांमधून निवडून येतात, म्हणजे शहर आणि गाव एका टेबलाशी बसतात. पण त्यासाठी दहा लाख लोकसंख्या लागते आणि 2011 च्या जनगणनेत आपलं शहर 9,51,558 वर अडकलं. वस्ती मात्र हद्दीपाशी थांबलेली नाही. कुंभारीत रे नगर बघा, विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी 30,000 घरांचा प्रकल्प, तोही ग्रामपंचायतीच्या हद्दीत! एवढ्या वस्तीचं पाणी, सांडपाणी, बस यांचा विचार शहराला सोडून कसा करणार?

आणि पाणी तर शंभर किलोमीटरवरच्या उजनीतून येतं. शहरातच नळ काही दिवसांआड सुटतो. नवीन गाव जोडलं की तेच पाणी आणखी वाटलं जाणार.

म्हणून टोकन देण्याआधी एन.ए.ची (बिगरशेतीची) कागदपत्रं आणि मंजूर ले-आउट मागा. ले-आउटमधली खुली जागा सातबाऱ्यावर कुणाच्या नावावर आहे ते तपासा. "गुंठेवारी आहे, पुढे नियमित होईल" असं कुणी सांगितलं तर सरळ उठून या. गुंठेवारी म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडून विकलेले प्लॉट. नियमित करायची सवलत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला आहे. नळाला पाणी कुठल्या योजनेतून येतं, हे ग्रामसेवकाला विचारा, एजंटाला नको. जमलं तर मे महिन्यात एकदा सकाळी सात वाजता तिथं चक्कर मारा आणि किती घरांपुढे निळी पिंपं टँकरची वाट बघत उभी आहेत ते मोजा.