पुण्यात कॅफे काढतोय. मेनूत 'इस्रायली हुमूस' लिहू का? लोक त्यावरून एवढे का भांडतात?

नुसतं 'हुमूस' लिहा. चण्याच्या त्या वाटणाचं नाव अरबी आहे, अर्थ साधा चणा. पुढचं वाचायला वेळ असेल तर वाचा.

मी अलिबागची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. लग्न होऊन इस्रायलमध्ये लोद शहरात आले त्याला चाळीस वर्षं झाली, त्यातली तेवीस एका कारखान्याच्या कँटीनमध्ये गेली. शेजारच्या ओट्यावर एक अरब बाई काकडी-टोमॅटो चिरायची, आपल्या कोचवलेल्या काकडीइतकं बारीक. त्या सॅलडला इथे ज्यूसुद्धा हिब्रूत 'सलात अरवी' म्हणतात, म्हणजे अरबी सॅलड. एकदा परदेशी पाहुणे येणार होते, तर साहेबांनी पाट्या छापून आणल्या: 'इस्रायली सॅलड'. बाईने पाटी वाचली, सुरी खाली ठेवली. "वर्षभर माझं, पाहुणे आले की तुमचं." म्हणाली हसतच, पण मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पाटी काय मी लावली होती?

शुक्रवारी जेवताना घरी हे सांगितलं तर आमचे भावजी उसळले. "वहिनी, अन्नाला कुणी मालक नसतो!" आता हे भावजी कोण? फलाफेलवाला (फलाफेल म्हणजे चण्याचे तळलेले वडे) पिवळंधमक, आंबट 'अंबा' ओतायला लागला की दरवेळी त्याला ऐकवणारे, की हा शब्द आमचा, मराठी! खरंही आहे ते. कैरीचं ते लोणचं मुंबईहून बगदादला गेलं आणि १९५० च्या सुमारास इराकी ज्यूंबरोबर इकडे आलं. म्हणजे आंब्याला मालक आहे, काकडीला नाही.

बरं, नावापुरतंच असतं तर मीही गप्प बसले असते. झातर माहीत असेलच, रानातला पाला, ओव्याच्या जवळपास जाणारा वास. अरब बायका डोंगरावरून खुडून आणतात, वाळवून तीळ घालून ठेवतात. १९७७ साली सरकारने रानातलं झातर संरक्षित ठरवलं आणि तोडायला बंदी आली. पुढे २००५ मध्ये अक्कूब नावाच्या काटेरी भाजीलाही तेच. कारण काय, तर झाडं संपतील. शेतात लावलेलं झातर मात्र दुकानात खुशाल विकत मिळायचं. त्या बाईच्या सासूची पिशवी भर रस्त्यात उलटी करून घेतली, वर दंड. २०१९ मध्ये घरापुरतं थोडं तोडायला सवलत मिळाली, तोवर म्हातारी गेली होती. हे भावजींना सांगितलं तर म्हणाले, कायदा तो कायदा. पुढे दोन शुक्रवार मी त्यांना मालिदा केला नाही.

आता कॉमेंटमध्ये धरायच्या आधी लिहिते: सीरिया, इजिप्तचे ज्यू हुमूस-फलाफेलच्या मुलखातलेच, त्यांनी काही चोरून आणलेलं नाही. शकशुका, म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेली अंडी, तर ट्युनिशिया-लिबियाच्या ज्यूंनीच इथे रुजवली. आणि २०१० मध्ये सगळ्यात जास्त हुमूस करण्याच्या विक्रमावरून इस्रायल-लेबनॉनची चुरस लागली (लेबनॉनने शेवटी १०,४५२ किलो केलं), तेव्हा इस्रायलकडून ज्या अबू घोषने आधीचा विक्रम केला, ते गावही अरबांचंच.

मेनूत अंबा ठेवणार असाल तर त्याच्याखाली 'मूळ मुंबई' जरूर लिहा. आणि फोटो पाठवा, भावजींना दाखवायचाय. काकडीच्या सॅलडखाली काय लिहिलंय तेही त्यात दिसू दे.